वेदनाशिक्षण, भौतिकोपचार अभ्यासक्रमातील

भौतिकोपचार म्हणजेच फिजिओथेरपी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना वेदनेची यंत्रणा, तिचे मापन आणि उपचार यांविषयी दिले जाणारे शिक्षण. दुखणे ही या उपचारांकडे येणाऱ्या रुग्णांची नित्याची तक्रार असली, तरी वेदना हा विषय दीर्घकाळ स्वतंत्रपणे शिकवला गेला नाही. शरीरक्रियाविज्ञान, अस्थि-स्नायू विकार आणि विद्युतोपचार यांत तो विखुरलेला राहिला. पुष्कळ ठिकाणी अजूनही तसाच आहे.

या शिक्षणाचा आरंभ कोठे धरावा, हा वादाचा मुद्दा आहे. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक आणि मज्जाशास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये मांडलेला द्वारनियंत्रण सिद्धांत, म्हणजे मज्जारज्जूतील जणू एक द्वार वेदनेचे संदेश मेंदूकडे जाऊ देते किंवा रोखते हा विचार, हा एक संभाव्य प्रारंभबिंदू. त्वचेवरून विद्युत् स्पंद देऊन वेदना शमवण्याच्या पद्धतीला त्याने शास्त्रीय आधार दिला आणि तो पाठ्यक्रमात शिरला. मात्र उपकरण कसे चालते याचे स्पष्टीकरण म्हणून, रुग्णाच्या वेदनेचे नव्हे. दुसरा प्रारंभ अमेरिकी वैद्य जॉर्ज एंगल यांच्या 1977 च्या जैव-मनो-सामाजिक प्रतिमानात, म्हणजे आजाराकडे शारीरिक, मानसिक आणि सामाजिक अशा तिन्ही बाजूंनी पाहणाऱ्या मांडणीत, शोधता येतो. अस्थिशल्यचिकित्सक गॉर्डन वॉडेल यांनी 1987 मध्ये ते कंबरदुखीला लावले. अध्यापनाच्या दृष्टीने हा नंतरचा टप्पा अधिक ग्राह्य वाटतो, कारण वर्गात येणाऱ्या प्रत्यक्ष दुखण्याशी प्रतिमानाचा संबंध तेथे जुळला.

वेदनेच्या व्याख्येचा प्रश्नही केवळ शब्दांचा नाही. 1973 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने 1979 च्या व्याख्येत, ऊतींना झालेल्या वा होऊ शकणाऱ्या इजेशी निगडित ‘किंवा तशा इजेच्या भाषेत वर्णिलेला’ अप्रिय संवेदनात्मक व भावनिक अनुभव, असा शब्दप्रयोग केला होता. ज्यांना बोलून वर्णन करता येत नाही, अशी तान्ही मुले त्यातून सुटतात असा आक्षेप होता. 2020 च्या सुधारित व्याख्येत ‘वर्णिलेला’ जाऊन ‘इजेशी निगडित किंवा त्याच्याशी साधर्म्य असलेला’ अशा आशयाची रचना आली. सोबतच्या टिपांत वेदना आणि नोसिसेप्शन, म्हणजे अपायकारक उद्दीपनाची मज्जासंस्थेने घेतलेली नोंद, या दोन भिन्न गोष्टी असल्याचे म्हटले आहे. भौतिकोपचाराच्या विद्यार्थ्याला बहुधा याच टिपेची सर्वाधिक गरज असते. क्ष-किरण चित्रात झीज दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले, ही समजूत तिच्यापुढे टिकत नाही. 2017 मध्ये मान्य झालेली ‘नोसिप्लास्टिक’ ही संज्ञाही येथे महत्त्वाची आहे: ऊतींना इजा झाल्याचा किंवा संवेदी मज्जासंस्थेच्या विकाराचा स्पष्ट पुरावा नसताना, बदललेल्या नोसिसेप्शनमुळे होणारी वेदना.

किती तास शिकवले जाते, याची आकडेवारी प्रामुख्याने शिक्षकांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांची आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील पाहणीत आरोग्यविषयक अभ्यासक्रमांची सरासरी 12 तास होती; भौतिकोपचाराची सुमारे 37. कॅनडातील 2009 च्या पाहणीत पशुवैद्यक शाखा मानवी आरोग्यशाखांच्या बरीच पुढे निघाली, हे पुरेसे बोलके आहे. अमेरिकेतील 2015 च्या पाहणीत भौतिकोपचारासाठी सरासरी सुमारे 31 तास आढळले, पण संस्थागणिक हे प्रमाण 5 ते 115 तास असे बदलत होते. ‘वेदनेचा तास’ कशाला म्हणावे याचे प्रमाण ठरलेले नसताना अशा सरासऱ्यांची तुलना जपूनच करावी.

विविध आरोग्यव्यवसायांसाठी 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सामाईक क्षमतांत वेदनेचे बहुपेडी स्वरूप, मूल्यमापन, उपचार आणि रुग्णसंदर्भ अशी चार क्षेत्रे आहेत. तास वाढवण्यापेक्षा, उपलब्ध तास या क्षेत्रांत कसे वाटले आहेत हे तपासणे अधिक उपयुक्त दिसते. मूल्यमापन म्हणजे केवळ शून्य ते दहाची मोजपट्टी, असा समज अन्यथा कायम राहतो. हालचालीची भीती, झोप, कामावर परतण्याविषयीची अपेक्षा हे प्रश्न विचारायचे राहून जातात.

वेदनेच्या मज्जाशरीरक्रियेवरील अल्पकालीन पाठांनीही विद्यार्थ्यांचे ज्ञान आणि दृष्टिकोन सुधारतात, असे नियंत्रित चाचण्यांत आढळले आहे. तथापि रुग्णालयातील प्रत्यक्ष कामात मार्गदर्शक जुनेच स्पष्टीकरण देत असेल, तर विद्यार्थी तेच उचलण्याची शक्यता असते. म्हणून मार्गदर्शकांचे प्रशिक्षण हाही अभ्यासक्रम-सुधारणेचाच भाग मानला जातो.