बरो रोड शाळा

लंडनमध्ये टेम्सच्या दक्षिणेस, सदर्क या तत्कालीन उपनगरात जोसेफ लँकेस्टर (१७७८–१८३८) याने गरीब मुलांसाठी काढलेली प्राथमिक शाळा. मॉनिटर पद्धतीचे, म्हणजे पुढे गेलेल्या मुलांकरवी मागच्यांना शिकवण्याच्या पद्धतीचे, इंग्लंडमधील प्रमुख केंद्र. स्थापनावर्ष सामान्यतः १७९८ देतात. त्या वेळी वर्ग लँकेस्टरच्या वडिलांच्या घरी भरत. काही लेखक देतात ते १८०१ हे वर्ष बरो रोडवरील मोठ्या जागेला लावणे अधिक सयुक्तिक वाटते. फी ऐच्छिक होती. फुकट शिक्षण नको असेल त्याने हवे तर पैसे द्यावेत, असे शाळेच्या दर्शनी फलकावरच लिहिले होते. मुले वाढली, पण शिक्षक नेमण्यास पैसा नव्हता. म्हणून पुढे गेलेल्या मुलांवर मागच्यांना शिकवण्याचे काम सोपविण्यात आले.

या पद्धतीचा जनक कोण, याविषयी दीर्घ वाद आहे. अँड्र्यू बेल (१७५३–१८३२) हा १७८९ पासून मद्रासजवळील एग्मोर येथे लष्करी अनाथालयाच्या शाळेचा प्रमुख होता. एका देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहून त्याने तोच प्रयोग आपल्याकडे सुरू केला. साहाय्यक शिक्षकांनी टाळाटाळ केल्यावर त्याने जॉन फ्रिस्कन या आठ वर्षांच्या मुलाकडे वर्ग दिला. या प्रयोगाविषयीची बेलची पुस्तिका १७९७ मध्ये लंडनला छापली गेली. लँकेस्टरने आपल्या १८०३ च्या पुस्तकात तिचा उल्लेख केला असून पुढे तो बेलला भेटलाही. अग्रक्रम बेलचा, पण लँकेस्टरची सुरुवात स्वतंत्र, हे मत अधिक ग्राह्य दिसते. मात्र दोघांच्याही आधी, १६२३ मध्ये, प्येत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने कर्नाटकातील एका देवळाच्या ओसरीवर मुले शिक्षकाविना, वाळूवर आकडे काढत, एकत्र म्हणत गणित शिकताना पाहिली होती. धूळपाटी आणि थोरल्या मुलाने धाकट्याला गिरवून देणे आपल्या पंतोजींच्या शाळांतही रूढ होते. या भारतीय मुळाची इंग्रजी लेखकांनी घेतलेली दखल बहुधा वाळूपुरतीच आहे. ती अपुरी होय.

लँकेस्टर क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचा असल्याने छडी वर्ज्य होती. परंतु त्याऐवजी योजलेल्या मानहानिकारक शिक्षांवर टीका झाली. १८०५ मध्ये तिसऱ्या जॉर्ज राजाने लँकेस्टरला भेटीस बोलावले. कर्ज वाढल्यामुळे १८०८ मध्ये कारभार समर्थकांनी हाती घेतला. त्यांच्या संस्थेला १८१४ मध्ये ‘ब्रिटिश अँड फॉरेन स्कूल सोसायटी’ हे नाव मिळाले. लँकेस्टर १८१८ मध्ये अमेरिकेस गेला. शाळेतील अध्यापक-प्रशिक्षणातून उभे राहिलेले बरो रोड महाविद्यालय १८९० मध्ये लंडनच्या पश्चिमेकडील आयलवर्थ येथे हलविण्यात आले.