पॉलिमर भिंतीवरून घसरतो तेव्हा

नळीतून पाणी वाहताना भिंतीला लागून असलेला थर जागचा हलत नाही, हे पदवीच्या पहिल्या वर्षालाच शिकवले जाते. हा नियम सिद्ध झालेला नव्हता, अनुभवावरून मान्य झालेला होता. फ्रेंच अभियंते क्लोद-लुई नाविये यांनी 1823 साली वेगळी शक्यता मांडली होती: भिंतीलगतचा द्रव घसरू शकतो आणि त्याच्या घसरण्याचा वेग तिथल्या कर्तनदराच्या, म्हणजे भिंतीपासून दूर जाताना वेग किती झपाट्याने बदलतो त्याच्या, प्रमाणात असतो. त्यांच्या सूत्रातून एक लांबी निघते, तिला घसरण-लांबी म्हणू. वेगाची रेषा भिंतीच्या आत वाढवत नेली तर ज्या खोलीवर वेग शून्य होईल, ती ही लांबी. पाण्यासाठी ती नॅनोमीटरांत मोजावी लागते, त्यामुळे व्यवहारात नावियेंची अट कुणाला लागली नाही.

प्रकरण पुन्हा उघडले ते रबर उद्योगात. रबर हा पॉलिमर, म्हणजे साखळीसारख्या लांबलचक रेणूंचा पदार्थ. अमेरिकेतल्या युनायटेड स्टेट्स रबर कंपनीतल्या मेल्विन मूनी यांनी 1931 साली सोपी कसोटी दिली. भिंतीवरचा ताण तोच ठेवून वेगवेगळ्या व्यासांच्या नळ्यांतून पदार्थ ढकलायचा. घसरण नसेल तर प्रवाहावरून काढलेला कर्तनदर सगळीकडे सारखा यायला हवा. बारीक नळीत तो जास्त आला, तर पदार्थ भिंतीवरून सरकतो आहे.

पुढे पॉलिएथिलीन या प्लास्टिकचे कारखाने वाढले आणि डायमधून, म्हणजे मालाला आकार देणाऱ्या तोंडातून, बाहेर येणारा माल ठरावीक वेगापुढे खरखरीत, मग वेडावाकडा निघू लागला. 1958 साली बॅग्ली आणि सहकाऱ्यांनी नोंदवले की दाब एका मर्यादेपुढे जरासा वाढवला की प्रवाह एकदम उडी घेतो. हे भिंतीवर घडते की द्रवाच्या पोटात, यावर मग अनेक वर्षे वाद चालला.

त्यातला सर्वांत गमतीचा भाग पितळेचा. 1986 साली युनियन कार्बाइडच्या राममूर्तींनी दाखवले की डाय पितळेची केली तर शार्कस्किन, म्हणजे पृष्ठभागावरचा तो खरखरीतपणा, नाहीसा होतो. त्यांचा खुलासा असा की पितळेला पॉलिमर जास्त घट्ट चिकटतो. कारखान्याला उपाय मिळाला आणि खुलासाही बराच काळ खपला. 1999 साली मॉर्टन डेन यांच्या गटाने पितळी नळीतला दाब पाहिला, तर तो कमी भरला. म्हणजे पॉलिमर तिथे चिकटत नव्हता, उलट घसरत होता! उपाय खरा, कारण उलटे, असे तंत्रज्ञानात बरेचदा होते.

सिद्धांत तोवर बराच पुढे गेला होता. 1979 साली फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. गुळगुळीत भिंतीवर, जिथे काहीच चिकटलेले नाही, तिथे घर्षण साखळीच्या लांबीवर कशाला अवलंबून असेल? ते साखळीतल्या सुट्या दुव्यांच्या द्रवाइतकेच राहणार. पण वितळलेल्या पॉलिमरची श्यानता, म्हणजे दाटपणा, मात्र साखळीच्या लांबीच्या साधारण तिसऱ्या घाताने वाढते. या दोहोंच्या गुणोत्तरावर घसरण-लांबी ठरते, म्हणून ती प्रचंड व्हायला हवी.

प्रत्यक्षात तशी दिसत नव्हती, कारण खऱ्या भिंतीवर काही साखळ्या चिकटून बसतात आणि त्यांची टोके वाहत्या साखळ्यांत गुंततात, केसांत गोखरू अडकावे तशी. 1992 साली ब्रोशार आणि द जेन यांनी हिशेब मांडला: ताण एका उंबरठ्यापुढे वाढला की चिकटलेल्या साखळ्या ताणल्या जातात, गुंता सुटतो आणि घसरण झपाट्याने वाढते. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये मिगलर, एर्वे आणि लेजे यांनी लेझरने भिंतीलगतच्या सुमारे 100 नॅनोमीटर थराचा वेग थेट मोजला आणि तो उंबरठा दिसला.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत योगेश जोशी, आशिष लेले आणि रघुनाथ माशेलकर यांनी 2000 साली साखळ्या भिंतीपासून सुटणे आणि गुंता सुटणे या दोन्ही कारणांना एकाच प्रारूपात बसवले. घसरण-लांबी तिसऱ्या घाताने वाढते या द जेन यांच्या भाकिताची थेट खात्री मात्र 2009 पर्यंत रखडली. जर्मनीत कारिन याकोब्स यांच्या गटाने फ्लोरोपॉलिमरच्या, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीच्या पदार्थाच्या, अतिगुळगुळीत थरावर पॉलिस्टायरीनची पातळ फिल्म ठेवली, तिच्यात पडणाऱ्या छिद्रांच्या कडांचा आकार तपासला आणि त्यावरून घसरण-लांबी काढली. पुरेशा लांब साखळ्यांसाठी ती तिसऱ्या घाताने वाढताना मिळाली आणि मायक्रोमीटरांपर्यंत पोचली, म्हणजे खुद्द फिल्मच्या जाडीपेक्षाही जास्त.