कार्लसनला दृष्ट लागली नव्हती

माझा मावसभाऊ सॅन होजेला असतो, तिथल्या शार्क्स टीमचा पक्का फॅन, आइस हॉकीची सवय त्यानेच मला लावली. मागे एकदा फोनवर आमचा चांगलाच वाद झाला. त्याचं म्हणणं, "अरे एरिक कार्लसन आमच्याकडे होता तेव्हा १०१ पॉइंट, पिट्सबर्गला गेला आणि ५६. वय झालं रे त्याचं. तेहतिशी ओलांडलेला डिफेन्समन एवढे पैसे मोजून कुणी घेऊच नये." त्यावर त्याची बायको मागून म्हणाली, दृष्ट लागली असेल. ती सहज म्हणाली असेल, पण मला वाटतं त्या दोघांच्या बोलण्यात मिळून जे आहे ना तेच या सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे, म्हणून हा लेख.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की गवत नाहीतर टर्फ आणि ध्यानचंदच डोळ्यांपुढे येतात, बर्फावरची हॉकी आपल्या देशात लडाखसारख्या ठिकाणी खेळतात, बाकीच्यांना फारशी माहीत नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. उत्तर अमेरिकेत एनएचएल नावाची ३२ टीमची लीग आहे, या लेखातल्या वर्षांत एका सीझनला प्रत्येक टीम साधारण ८२ मॅच खेळायची. बर्फावर एका वेळी गोलकीपर सोडून पाच जण, त्यातले दोन डिफेन्समन. गोल केला की एक पॉइंट, गोल व्हायच्या आधी शेवटचे पास देणाऱ्या जास्तीत जास्त दोघांना पण एकेक पॉइंट, त्याला असिस्ट म्हणतात. आणि सॅलरी कॅप असते, म्हणजे सगळ्या खेळाडूंवर मिळून किती खर्च करायचा याला वरून मर्यादा. २०२३-२४ ला ती होती ८३.५ मिलियन डॉलर. एकाला जास्त दिले की दुसऱ्या कुणालातरी कमी द्यावे लागतात, श्रीमंत मालकाचा इथे काही उपयोग नाही.

आता कार्लसन. स्वीडनचा, जन्म ३१ मे १९९०, लीगमधल्या सर्वोत्तम डिफेन्समनला मिळणारी नॉरिस ट्रॉफी तीनदा जिंकलेला. २०१९ ला शार्क्सने त्याला आठ वर्षांसाठी ९२ मिलियनचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, वर्षाला ११.५. मग २०२२-२३ ला त्याने २५ गोल आणि ७६ असिस्ट, एकूण १०१ पॉइंट काढले. डिफेन्समनने शंभरी गाठायची ही १९९१-९२ च्या ब्रायन लीचनंतरची पहिलीच वेळ, म्हणजे तब्बल ३१ वर्षांनी! लगेच ऑगस्ट २०२३ मध्ये पिट्सबर्ग पेंग्विन्सने मॉन्ट्रियलला पण मध्ये घेऊन तिहेरी ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, केला आणि त्याला उचललं. वय ३३. शार्क्सने दीड मिलियनचा भार स्वतःकडे ठेवला, पेंग्विन्सवर वर्षाला १० मिलियन आले, म्हणजे कॅपचा साधारण १२ टक्के हिस्सा एका माणसावर, तोही २०२७ पर्यंत.

पुढे २०२३-२४ ला ५६ पॉइंट. २०२४-२५ ला ५३. दोन्ही वर्षं टीम प्लेऑफच्या, म्हणजे सीझन संपल्यावरच्या बाद फेऱ्यांच्या, बाहेर.

आता म्हातारपण म्हणण्याआधी एक साधं काम करा, आधीची चार वर्षं काढून बघा. सॅन होजेतल्या पहिल्या चार सीझनमध्ये तो खेळला ५३, ५६, ५२ आणि ५० मॅच, पॉइंट ४५, ४०, २२ आणि ३५. बेरीज केली तर २११ मॅचमध्ये १४२. हाच वेग ८२ मॅचला लावला तर येतात ५५. पाठोपाठ ते १०१ चं वर्ष. आणि त्यानंतर ५६ आणि ५३!

मी पहिल्यांदा हे कॅल्क्युलेटरवर केलं तेव्हा दोनदा तपासलं. म्हणजे पिट्सबर्गला जाऊन तो कोसळला वगैरे काही नाही, तो जिथे होता तिथे परत आला. नेहमीपेक्षा वेगळं होतं ते मधलं एक वर्ष, आणि टीमने पैसे मोजले ते नेमके त्या वर्षाकडे बघून.

याला संख्याशास्त्रात सरासरीकडे परतणं म्हणतात. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस गाल्टनने आईबाप आणि मुलांच्या उंच्या मोजताना हे पाहिलं, खूप उंच आईबापांची मुलं उंच असतात पण बहुतेक आईबापांइतकी नसतात. मला विचाराल तर विज्ञानातली ही सगळ्यात कमी शिकवलेली आणि रोज लागणारी गोष्ट आहे, त्यामुळे इथे जरा जास्त वेळ थांबणारे.

घरातलं उदाहरण घ्या. मुलीला गणिताच्या चाचणीत ९६ पडले. पुढच्या चाचणीत ८३. आजी म्हणते दृष्ट लागली आणि मीठ-मोहरी ओवाळते. झालं काय असतं? मार्क म्हणजे खरी तयारी अधिक त्या दिवशीचा योग. योग म्हणजे नेमका केलेला धडा पेपरात येणं, झोप नीट झालेली असणं, दोन ठिकाणी अंदाजाने लिहिलेलं बरोबर निघणं. समजा तयारी ८५ ची आहे. ९६ पडले त्या दिवशी योग ११ ने बाजूने होता. पुढच्या पेपरला तयारी तीच राहते, पण योगाचा फासा नव्याने पडतो आणि तो परत ११ पडायचं काही कारण नसतं. मुलगी बिघडली नाही, कुणी नजरही लावली नाही. आणि हे उलट बाजूने पण चालतं, ते तर फार महत्त्वाचं. दृष्ट आपण काढतो कधी? सगळं फारच वाईट चाललेलं असतं तेव्हा. फारच वाईट म्हणजे योग पार विरुद्ध गेलेला, तो पुढच्या वेळी आपोआप थोडा वर येणारच, आणि श्रेय जातं मीठ-मोहरीला. गंडेदोरे, खडे, नाव बदलून स्पेलिंगमध्ये जास्तीचं अक्षर घालणं, सगळ्यांचा धंदा बराचसा यावर चालतो. अंकशास्त्रवाल्यांनी तर कार्लसनचा जर्सी नंबर बघावाच, आधीच्या ओटावा टीममध्ये ६५, सॅन होजेत ६५, पिट्सबर्गमध्ये पण ६५. नंबर तोच आणि पॉइंट २२ पण आणि १०१ पण.

आता हा योग किती मोठा असू शकतो ते मोजता येतं, आणि मला यातला आवडता भाग तो आहे. त्या वर्षी कार्लसनने गोलवर दोनशेच्या थोडे वर शॉट मारले आणि २५ गोल झाले, म्हणजे शंभरात १२. करिअरभर त्याचं प्रमाण शंभरात सातच्या आसपास. सोयीसाठी २०० शॉट धरू. सातच्या हिशोबाने १४ गोल अपेक्षित. पण अपेक्षित १४ म्हणजे दर वर्षी १४ च असं नाही, नाणं शंभरदा उडवलं तर बरोबर ५० छापे येत नाहीत तसंच. किती इकडेतिकडे होईल त्याचं माप म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, आणि अशा गोल झाला-नाही झाला प्रकारात ते काढायला २०० गुणिले ०.०७ गुणिले ०.९३ करून वर्गमूळ घ्यायचं, येतात ३.६, याला एक पायरी म्हणू. म्हणजे काही न बदलता, तोच माणूस, तेच कौशल्य, तरी १० ते १८ गोल हे अगदी रोजचं. २५ मात्र सरासरीपासून तीन पायऱ्या वर आहे, निव्वळ योगाने असं हजारात तीन-चार वेळा होईल. मग लगेच वाटतं की एवढं दुर्मीळ आहे म्हणजे तो खरंच सुधारला असणार. इथेच गफलत होते. लीगमध्ये ३२ टीम, प्रत्येकी सहा नेहमीचे डिफेन्समन, झाले १९२. सगळेच इतके शॉट मारत नाहीत हे मान्य, पण ढोबळ हिशोब केला तर हजारात तीन-चार वालं नशीब दीड-दोन सीझनमध्ये कुणा एकाच्या वाट्याला यायलाच पाहिजे. आणि आपण बातमी कुणाची वाचतो? त्याचीच. १९२ जणांतून आधी सगळ्यात वरचा निवडायचा आणि मग विचारायचं की हा योगायोग कसा असेल, हा प्रश्नच चुकीचा आहे कारण निवड करतानाच आपण योग बाजूने असलेला माणूस उचललाय. पुढच्या वर्षी त्याचे ११ गोल झाले, शॉट तितकेच धरले तर १४ पासून एक पायरी सुद्धा खाली नाही.

हे झालं गोलचं. ७६ असिस्टमध्ये तर दुसऱ्यांचं पण नशीब मिसळलेलं असतं, कारण पास कितीही सुंदर दिला तरी पुढच्याने पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती चकती, जाळ्यात घातला तरच असिस्ट मिळतो. शिवाय त्या वर्षी शार्क्स लीगच्या तळाशी होते, ८२ मॅचमध्ये जेमतेम ६० गुण (हे टीमचे गुणतक्त्यातले गुण, खेळाडूच्या पॉइंटपेक्षा वेगळे), आणि अशा टीममध्ये सगळा खेळ कार्लसनच्याच काठीवरून जायचा. पिट्सबर्गला क्रॉसबी होता, मालकिन होता, दोघंही स्टार फॉरवर्ड, आणि त्याच्यासारखाच आक्रमक डिफेन्समन लेटांग पण होता. पक एकच, तो सगळ्यांत वाटला गेला.

मग वय काहीच करत नाही का? करतं, नक्की करतं. पहिल्या दोन-तीन पावलांचा झटका कमी होतो, दुखापत भरायला वेळ लागतो, आणि कार्लसनच्या पायाने बरंच सोसलंय, २०१३ ला समोरच्याच्या स्केटच्या पात्याने त्याची टाचेवरची शीर, अकिलीस टेंडन, सत्तर टक्के कापली गेली होती आणि २०१७ ला घोट्याचं मोठं ऑपरेशन झालं. उलट खेळ वाचणं, पक कुठे येणार ते आधी ओळखणं, हे बराच काळ टिकतं. पण किती वर्षांनी किती उतरतं ते मोजायला गेलं की भलतीच अडचण येते. ३८ वर्षांच्या सगळ्या डिफेन्समनची सरासरी काढली तर ती छान दिसते, कारण त्या वयाला उरलेलेच असतात लिडस्ट्रॉमसारखे, ज्याने २०११ मध्ये ४१ व्या वर्षी सातवी नॉरिस घेतली, नाहीतर ४८ पर्यंत खेळलेला चेलिओस. बाकीचे केव्हाच घरी गेले. म्हणून अभ्यासक दुसरी पद्धत वापरतात, एकाच खेळाडूची लागोपाठची दोन वर्षं घेऊन फरक काढायचा आणि सगळ्यांच्या फरकांची सरासरी घ्यायची. ऐकायला बरोबर वाटतं, पण ३४ व्या वर्षी ज्याचा योग वाईट होता त्याला ३५ व्या वर्षी कॉन्ट्रॅक्टच मिळत नाही, म्हणजे जोडीत येणारे सगळे पहिल्या वर्षी थोडे नशीबवान, दुसऱ्या वर्षी ते सरासरीकडे येणार आणि तक्त्यात मात्र ते म्हातारपण म्हणून मांडलं जाणार. आणि खरंच जे उतरले, ते हिशोबातून गळालेत म्हणून उतार कमी पण दिसतो. दोन चुका, दोन विरुद्ध दिशांना, आणि दोघी एकमेकींना बरोबर छेद देतील याची खात्री नाही. म्हणून ३३ नंतर दर वर्षी अमुक टक्के असं कुणी ठामपणे सांगितलं की मी आधी विचारतो, गळालेल्यांचं काय केलंत?

कार्लसनपुरतं ढोबळ वाटप करता येतं. ट्रेड झाला तोपर्यंत त्याचे करिअरचे ९२० मॅचमध्ये ७६१ पॉइंट होते, म्हणजे ८२ मॅचला ६८. १०१ वरून ५६ म्हणजे घट ४५ ची. त्यातले ३३ पॉइंट नुसते १०१ वरून ६८ ला येण्यात गेले, यात वयाचा काही संबंध नाही. उरले १२, त्यात वय, जुन्या दुखापती, नवीन टीम, वाटून गेलेला पक, सगळं आलं. माझा भाऊ ४५ च्या ४५ वयाच्या खात्यावर टाकत होता.

मग असा खेळाडू घ्यावा की नाही? माझं मत असं की घ्यावा, पण ६८ च्या भावात, १०१ च्या नाही. आणि भाव ठरवताना एक प्रश्न विचारावा, याच माणसाला आपण एक वर्ष आधी किती दिले असते? २०२२ च्या उन्हाळ्यात ५० मॅच ३५ पॉइंट असताना हेच कॉन्ट्रॅक्ट गळ्यातली धोंड वाटत होतं. वर्षभराने माणूस एका वर्षाने म्हातारा झाला आणि त्याची किंमत वाढली, म्हणजे किंमत कशाची वाढली ते उघड आहे. अशा प्रश्नांची माणसं आता टीम चालवायला लागलीत हे मला फार आनंदाचं वाटतं, कॅरोलिना हरिकेन्सचा २०२४ पासूनचा जनरल मॅनेजर एरिक टल्स्की हा बर्कलीचा रसायनशास्त्रातला पीएचडी आहे, हॉकीत यायच्या आधी नॅनोटेक्नॉलॉजीत काम करायचा.

पेंग्विन्सचा ट्रेड मूर्खपणाचा होता असं मला तरीही वाटत नाही. आदल्या वर्षी ते फक्त एका गुणाने प्लेऑफ चुकले होते, क्रॉसबी, मालकिन, लेटांग तिघंही छत्तिशीच्या आसपास, पाच वर्षांनी तयार होणाऱ्या पोराची वाट बघण्यात त्यांना अर्थ नव्हता. शिवाय पेट्री, ग्रॅनलंड, रुटा अशी नको असलेली कॉन्ट्रॅक्ट त्याच सौद्यात बाहेर गेली. कॅप पण वाढत गेला, २०२५-२६ ला ९५.५ मिलियन, त्यामुळे तेच १० मिलियन १२ टक्क्यांवरून साडेदहावर आले. चुकली ती अपेक्षा. आणि शार्क्सला किंमत म्हणून दिलेला २०२४ चा पहिल्या फेरीचा पिक, म्हणजे नवीन पोरं निवडायच्या ड्राफ्टमधला नंबर, तो पहिल्या दहात पडला असता तर पिट्सबर्गकडेच राहणार होता, टीम प्लेऑफ तीन गुणांनी चुकली आणि पिक पडला चौदावा. शार्क्सने तो आणि दुसऱ्या फेरीतला एक पिक बफेलोला देऊन अकरावा घेतला आणि त्यावर सॅम डिकिन्सनला उचललं. अठरा वर्षांचा पोरगा, आणि तो पण डिफेन्समनच. कार्लसनचं कॉन्ट्रॅक्ट २०२७ ला संपतं, भावाला म्हणलं तोपर्यंत दर सीझनला या दोघांचे आकडे लिहून ठेवू, पण एकेका वर्षाचे नाही, तीन-तीन वर्षांचे मिळून.