अपघात भरपाई आणि प्राप्तिकर: कायद्यातून गळालेल्या एका ओळीची पार्श्वभूमी

यंत्रात हात गेला आणि कामगाराला एकरकमी भरपाई मिळाली, तर ते त्याचं उत्पन्न नव्हे. आपल्याकडे एकेकाळी हे कायद्यातच लिहिलेलं होतं.

१९२२ च्या प्राप्तिकर कायद्यात, चौथ्या कलमात, करमुक्त रकमांची यादी होती. मृत्यू किंवा दुखापतीबद्दलची एकरकमी भरपाई त्या यादीत स्पष्ट शब्दांत होती. कामगार भरपाईचा कायदा त्याच्या पुढच्या वर्षी झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. तोवर जखमी कामगाराला मालकाची चूक कोर्टात सिद्ध करावी लागे. गिरणीतल्या माणसाला ते कुठून परवडणार? नव्या कायद्याने चूक कुणाची हा वाद बहुतांशी बाजूला ठेवला. कामावर असताना, कामामुळे अपघात झाला की मालकाने पैसे द्यायचे.

हा पगार नव्हे, हे भरपाईच्या हिशेबातच दिसतं. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर मासिक पगाराचे ६० टक्के घ्यायचे आणि वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचं. २०२० मध्ये हिशेबापुरती पगाराची मर्यादा १५,००० रुपये झाली. तिसाव्या वर्षाचा आकडा २०७.९८, म्हणजे भरपाई १८,७१,८२० रुपये. वय वाढतं तसा हा आकडा उतरतो, कारण पुढे कमावण्याची जी ताकद गेली तिची ही किंमत आहे.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात मात्र ती जुनी ओळ राहिली नाही. नोकरकपातीची भरपाई, भोपाळ वायुपीडितांचे पैसे यांना पुढे दहाव्या कलमात, म्हणजे या कायद्यातल्या करमुक्त रकमांच्या यादीत, स्वतंत्र जागा मिळाली, कारखान्यात गेलेल्या हातापायांना नाही. करमुक्ती टिकली ती तत्त्वावर. कमाईचं साधनच गेलं, तर त्याच्या बदल्यातली रक्कम भांडवली जमा ठरते, म्हणजे कमाई नव्हे तर गेलेल्या साधनाची किंमत, आणि म्हणून ती उत्पन्नात धरली जात नाही. जोडीला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची परिपत्रकं आहेत. १९९० च्या ५७३ क्रमांकाच्या परिपत्रकानुसार, नोकरीत असताना वारलेल्या कर्मचाऱ्याच्या पत्नीला किंवा वारसांना मिळालेली एकरकमी रक्कम करपात्र नाही.

मला हे अपुरं वाटतं. कमावता माणूस अंथरुणाला खिळलेल्या घराने ‘भांडवली जमा’ म्हणजे काय, हे वकिलाला विचारत का फिरावं? ती ओळ कायद्यात परत यायला हवी.

एक गोष्ट मात्र अशा घरांनी ध्यानात ठेवावी. भरपाई बँकेत ठेवली, तर ठेवीवरचं व्याज उत्पन्नात धरलं जातं. आजारपणाच्या रजेत मालकाने दिलेला पगारही पगारच असतो.