गरोदरपणातली रुबेलाची तपासणी: पहिलं रक्त वेळेवर द्या

"रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, आता बाळाचं काय?" बेळगावकडच्या खानापुरातल्या आमच्या लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न सारखा येतो, म्हणून हा कागद छापला.

रुबेला म्हणजे अंगावर पुरळ आणणारा विषाणूचा आजार. त्याच्या रिपोर्टात दोन ओळी असतात, आयजीजी आणि आयजीएम. ही त्या विषाणूविरुद्ध रक्तात तयार होणारी प्रतिद्रव्यं. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे रुबेला पूर्वी होऊन गेला आहे किंवा लस लागू पडली आहे. गरोदर बाईसाठी ही चांगली बातमी. आयजीएम पॉझिटिव्ह आला तर लागण अलीकडची असू शकते. तो कधी खोटाही येतो, म्हणून डॉक्टर पुढची तपासणी सांगतात.

काळजी घ्यायची ती पहिल्या १२ आठवड्यांत. या काळात आईला पहिल्यांदाच रुबेला झाला तर विषाणू बाळापर्यंत जाण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत असते. गर्भपात होऊ शकतो. गर्भ टिकला तरी बाळाचे डोळे, कान, हृदय यांत दोष राहू शकतो. साध्या सर्दी-पडशाची मात्र धास्ती घेऊ नका.

आता सगळ्यांचा वेळ खाणारी चूक. घरातल्या पोराच्या अंगावर पुरळ उठतं, आणि गरोदर सून रक्त द्यायला येते तीन आठवड्यांनी. रुबेला अंगात मुरून बाहेर पडायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून संपर्कानंतर आठवड्याच्या आत दिलेल्या रक्तात आयजीजी सापडला तर तो जुनाच. या वेळचा असूच शकत नाही. उशीर झाला की जुना कुठला आणि नवा कुठला हे सांगणं फार अवघड होतं.

दुसरं, आकड्यांची तुलना दोन लॅबच्या रिपोर्टांवरून करू नका. जांबोटीकडची एक मुलगी सासूबाईंबरोबर आली होती, नववा आठवडा. पिशवीत दोन कागद. आमच्याकडचा आयजीजी ७८, पंधरा दिवसांनी दुसरीकडे काढलेला १४०. दुप्पट झाला म्हणून घरात पोट खाली करण्याचं बोलणं सुरू झालेलं. तिचं पहिलं रक्त आमच्या फ्रीजरमध्ये होतं. नवं रक्त घेऊन दोन्ही एकाच वेळी मशीनला लावली. आकडे जवळपास सारखे. मशीन आणि किट बदललं की आकडा बदलतो, एवढंच झालं होतं. सासूबाई तिथंच बाकावर बसून रडल्या.

म्हणून गरोदर बाईच्या रक्तातलं उरलेलं सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ भाग) आम्ही सहा आठवडे गोठवून ठेवतो. दुसऱ्या वेळी दोन्ही नमुने एकत्र लावतो, दोन किट वापरली जातात, पैसे त्याचे असतात. आणि शेवटच्या पाळीची तारीख आम्ही विचारतो ती चौकशी म्हणून नव्हे. तिच्याशिवाय डॉक्टरांना रिपोर्टचा अर्थ लावता येत नाही.

गर्भपातानंतर "सगळं टॉर्च करून टाका" म्हणत येऊ नका. टॉर्च म्हणजे रुबेलासकट गर्भाला बाधणाऱ्या काही संसर्गांची एकत्र रक्ततपासणी. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तरच करा. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी जवळपास निम्मे गर्भातल्या गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात. त्यात आईची काही चूक नसते.

कांजिण्यांच्या पेशंटजवळ गरोदर बाई राहिली असेल आणि तिला स्वतःला कांजिण्या झाल्या नसतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. संरक्षणाच्या इंजेक्शनला संपर्कापासून दहाच दिवस मिळतात.

लग्न ठरलेल्या मुलींनी आधीच तपासून घेतलं तर उत्तम. गोवर-रुबेला लसीची मोहीम कर्नाटकात फेब्रुवारी २०१७ ला सुरू झाली, महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ ला, तीही १५ वर्षांच्या आतल्या मुलांसाठी. तेव्हा वय त्याहून जास्त असलेल्या मुली, मग त्या नंदगडच्या असोत की चंदगडकडून आलेल्या, या मोहिमेतून सुटल्या. ही लस गरोदरपणात देत नाहीत, आणि घेतल्यावर महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नसतात.

येताना तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं सरकारी कार्ड), जुने रिपोर्ट आणि पुरळ आलेल्या माणसाशी संबंध आल्याची तारीख आणा. उपाशीपोटी यायची गरज नाही. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर रिपोर्टची झेरॉक्स मागून घ्या, आम्ही फुकट देतो.