वॉटसन हॉटेल आणि ‘दुरुस्तीपलीकडे’ हा शब्द

मुंबईत काळा घोड्याजवळच्या या इमारतीला जुने लोक वॉटसन म्हणतात, कागदोपत्री ती एस्प्लनेड मॅन्शन. ७ जुलै १८९६ चा इथला ल्युमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ सर्वांना ठाऊक आहे. जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ‘ताज’ हॉटेल उभारले, ही गोष्टही सगळ्यांना पाठ आहे, पुरावा मात्र कुणी दाखवत नाही.

बांधकामाची खुबी थोडक्यात सांगतो. सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, सुटे भाग जहाजाने आणून १८६७ ते १८६९ च्या दरम्यान इथे जोडला. भार बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, खांब पेलतात, विटांच्या भिंती नुसत्या मधल्या जागा भरतात. बीड दाबाला दणकट असते, पण ताण आला की पूर्वसूचना न देता तडकते. वेल्डिंगलाही ते सहजी दाद देत नाही. इमारत पाडायची की वाचवायची, या पुढच्या भांडणाचे मूळ बरेचसे या धातूत आहे.

बाकीचे मूळ भाड्यात. हॉटेल बंद पडल्यावर खोल्यांना फळ्या ठोकून गाळे झाले. जवळच सत्र न्यायालय, तेव्हा वकिलांची कार्यालये आलीच. कॉलेजात असताना एका कागदावर सही घ्यायला मी तिथला जिना चढलो होतो. दारांशेजारी एकाखाली एक नावाच्या पाट्या, वर वायरींची जळमटे आणि कठड्याच्या नक्षीतून डोकावणारे पिंपळाचे रोप.

१९४७ च्या कायद्याने भाडे १९४० च्या पातळीवर गोठवले. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला जागा सोडवेना. १९६९ च्या कायद्याने मग दुरुस्तीसाठी उपकर बसवला आणि जुन्या इमारतींची दुरुस्ती सरकारी मंडळाकडे गेली. इथेच तो शब्द जन्मला.

‘दुरुस्तीपलीकडे’ ऐकले की वाटते, अभियंत्याने खांब ठोकून पाहिला आणि मान हलवली. कायद्यात मात्र ते गणित आहे. मंडळाने दर चौरस मीटरमागे किती खर्च करायचा याची कमाल मर्यादा ठरलेली असते. अंदाज तिच्यावर गेला आणि वरची रक्कम भाडेकरूंनी उचलली नाही, तर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरू शकते. म्हणजे लोखंड शाबूत असले तरी खिसा रिकामा असला की इमारत गेली. आणि विटा-चुन्याच्या चाळीसाठी बेतलेली मर्यादा दीडशे वर्षांच्या बिडाच्या सांगाड्याला लावायची, हे माझ्या मते मुळातच चुकले.

२००५ च्या पावसाळ्यात सज्जाचा भाग रस्त्यावर कोसळून एक जण दगावला. एका आंतरराष्ट्रीय संस्थेने तिला जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घेतले, त्यानंतरही वर्षे टेकूंवर गेली. २०१९ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने गाळे रिकामे करून घेतले. एका नामांकित तंत्रसंस्थेच्या अहवालाने पाडा म्हटले, वारसा वास्तूंची कामे करणाऱ्यांनी वाचवता येईल म्हटले. पहिल्या मताच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे: खाली पदपथावरून रोज शेकडो माणसे जातात. पण पाडण्याची भाषा करणाऱ्यांनी एक सांगावे. हे मत देताना सांगाड्याची ताकद किती मोजली आणि दुरुस्तीचा खर्च किती मोजला? वाद रंगला तेव्हा हे दोन आकडे क्वचितच वेगळे ठेवले गेले, आणि दोन्हींना शब्द मात्र एकच वापरला गेला.