चामड्याची पारख आणि खरेदीतील विवेक (कोकण)

चामड्याची पारख म्हणजे वस्तू कोणत्या जनावराच्या कातड्याची, त्या कातड्याच्या कोणत्या थराची आणि कोणत्या रीतीने कमावलेली आहे, हे डोळ्यांनी, बोटांनी आणि नाकाने ओळखणे. खरेदीतील विवेक म्हणजे ते कातडे कसे मिळाले, कोणी सोलले व कमावले आणि त्यापायी कुठले पाणी नासले याचा विचार. कोकण किनाऱ्यावर हे दोन विषय एकत्र पाहावे लागतात, कारण निर्दोष दिसणाऱ्या चामड्याची मागणी आणि ते मिळवण्याची रीत यांचा थेट संबंध आहे.

कातड्याच्या केसांकडील थरात तंतू अतिशय बारीक व घट्ट असतात, त्याखाली जाड तंतूंचे गुंतलेले जाळे असते आणि मांसाकडे ते सैल होत जाते. वरचा थर न घासता राखलेल्या चामड्याला बाजारात ‘फुल ग्रेन’ म्हणतात. त्यावर केसांची रंध्रे, गोचिडीचे डाग आणि काट्यांचे ओरखडे दिसतात. हेच डाग घासून, वर रंगाचा लेप देऊन आणि साच्याने खोटी कणी (पृष्ठभागाचा पोत) उठवून केलेले चामडे एकसारखे व गुळगुळीत दिसते. खालच्या फाडलेल्या थरापासून ‘स्प्लिट’ आणि चामड्याचा भुगा चिकटद्रव्यात मिसळून ‘बाँडेड’ चामडे होते. ‘जेन्युइन लेदर’ या शिक्क्यावरून यांपैकी वरचा थर मिळाला की खालचा, हे कळत नाही. म्हशीच्या चामड्याची कणी भरड असते, शेळीची रंध्रे लहान गटांनी ओळीत बसलेली दिसतात, तर मेंढीचे चामडे मऊ पण सैल असून त्याचे पापुद्रे लवकर सुटतात.

पारख कडेपासून सुरू करावी. पट्ट्याच्या किंवा चपलेच्या कापलेल्या कडेवर तंतू दिसले तर ते चामडे, आणि कापडावर चढवलेला प्लास्टिकचा पापुद्रा दिसला तर रेक्झीन. कड जाड रंगाने बुजवलेली असेल तर दुकानदाराला आतली बाजू दाखवायला सांगावे. अंगठ्याने दाबल्यावर खऱ्या चामड्यावर बारीक, अनियमित सुरकुत्या पसरतात. साच्याची कणी मात्र जशीच्या तशी राहते. वासावर फार विसंबू नये, कारण चामड्याचा वास बाटलीतूनही देता येतो. चामड्याचा तंतू जाळून पाहिल्यास केस जळल्यासारखा वास येणे ही जुनी खूण आहे, परंतु भुग्याचे चामडेही तसाच वास देते.

कमावण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. वनस्पतिजन्य रीतीत चुन्यातून काढलेले कातडे बाभळीची साल, हिरडा यांच्या टॅनिनयुक्त (कातडे कमावणारे तुरट द्रव्य असलेल्या) पाण्यात मुरवतात. पारंपरिक पद्धतीत यास कित्येक आठवडे लागतात. असे चामडे कडेला आतपर्यंत तपकिरी, ताठ आणि पाणी शोषणारे असते. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेल्या क्रोमच्या (क्रोमियमच्या क्षारांच्या) रीतीत हेच काम एक-दोन दिवसांत होते. चामडे मऊ व उष्णता सोसणारे होते आणि रंग देण्यापूर्वी निळसर असते. कोकणात आंबा, गगनबावडा आणि फोंडा घाटांनी उतरणारी कोल्हापुरी चप्पल पहिल्या प्रकारची आहे. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांपुरते आहे. त्यात कोकणातला एकही जिल्हा नाही.

घाटावर वर्षानुवर्षे टिकणारी ही चप्पल कोकणच्या पावसात भिजली की तळ फुगतो, शिवणीच्या वाद्या ढिल्या होतात आणि कोपऱ्यात ठेवल्यास आठवड्याभरात बुरशी धरते. हा मालाचा दोष नव्हे. मिरगाआधी ती कोरड्या फडक्याने पुसून, तेलाचा हलका हात देऊन कागदात किंवा सुती कापडात गुंडाळून ठेवणे आणि भिजलीच तर चुलीजवळ किंवा कडक उन्हात न टाकता सावलीत वाळवणे एवढेच पथ्य आहे. प्लास्टिकच्या पिशवीत मात्र ओल कोंडते. याउलट पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा लेप असलेल्या वस्तूंचे दमट हवेत रासायनिक विघटन होते आणि त्यांचे पापुद्रे सुटू लागतात. चामड्याची वादी चर्मकाराच्या आरीने पुन्हा ओवता येते, पण सोललेल्या रेक्झीनला दुरुस्ती नाही. म्हणून जनावराला न दुखवणारा पर्याय म्हणून घेतलेली वस्तू दोन पावसाळ्यांत कचऱ्यात गेली, तर तो हिशेबही विवेकात धरला पाहिजे.

कातडे मिळवण्याच्या प्रश्नाला कोकणात स्वतःचा इतिहास आहे. ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी १९४८ मध्ये कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापन केला. मेलेल्या जनावरांची विल्हेवाट आणि चर्मोद्योग ही कामे कोणत्याही जातीच्या माणसाने करण्याजोगी आहेत, हे त्यांनी स्वतः ती करून दाखवले. गांधीविचारात कत्तलीऐवजी नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावराच्या चामड्याला पसंती होती. त्याचे तांत्रिक परिणाम मात्र क्वचितच सांगितले जातात. मृत जनावराचे रक्त पूर्ण निथळत नाही, त्यामुळे शिरांच्या रेषा चामड्यावर उमटतात. कोकणच्या उष्ण, दमट हवेत काही तासांतच कुजणे सुरू होते. सोलायला आणि मीठ लावायला उशीर झाला तर कणी उखडते. शिवाय जनावर बहुधा म्हातारे, कातळावर आणि करवंदीच्या जाळ्यांत चरलेले असते, म्हणून ओरखडे असणारच. निष्कलंक पृष्ठभागाचा आग्रह धरणारा ग्राहक प्रत्यक्षात तरुण जनावराची कत्तल किंवा घासून लेप दिलेले चामडे मागत असतो, हे विक्रेत्यानेही त्याला सांगायला हवे.

माणसांचा प्रश्न याहून जुना आहे. मेलेली ढोरे ओढण्याचे आणि कातडे कमावण्याचे काम जातीने लादलेले होते, आणि माल विकत घेणारा समाज तो बनवणाऱ्याला शिवत नव्हता. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, आणि सवर्णांनी आपली मेलेली जनावरे आपणच पुरावीत, असेही परिषदेने ठरावाद्वारे सांगितले. त्यामुळे ‘पारंपरिक कारागिरी’ असे कौतुक करताना ती परंपरा कोणाच्या निवडीची होती, हे विसरता येत नाही. आज चर्मकाराशी घासाघीस न करता मजुरीचा रास्त भाव देणे हे जनावराविषयीच्या काळजीइतकेच महत्त्वाचे मानावे लागेल. प्रस्तुत नोंदीच्या मते त्याहून अधिक.

क्रोमचे प्रदूषण कोकणच्या ग्राहकाला दिसत नाही, कारण रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत चामडे कमावण्याचे मोठे केंद्र नाही. ते कानपूर आणि तामिळनाडूतील राणीपेटच्या पाण्यात उतरते. वेल्लोरच्या नागरिकांच्या याचिकेवर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टॅनऱ्यांना (कातडी कमावण्याच्या कारखान्यांना) ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व लागू केले. कमावताना वापरतात ते त्रिसंयुजी क्रोमियम तुलनेने सौम्य असते, पण प्रक्रिया सदोष असल्यास त्यातून घातक षट्संयुजी क्रोमियम तयार होऊ शकते. त्वचेच्या संपर्कात येणाऱ्या चामड्यासाठी युरोपीय संघाने २०१५ पासून त्याची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम ठरवली. सालीचे चामडेही आपोआप निर्मळ ठरत नाही, कारण त्याच्या सांडपाण्यात मीठ, चुना आणि टॅनिनचा भार मोठा असतो.

महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या आणि २०१५ पासून बैल व वळूच्याही कत्तलीला बंदी आहे. म्हशीला ती लागू नाही. भजनातल्या पखवाजाची पुडी आणि शिमग्याच्या ढोलाचे पान यांसाठी शेळीचे कातडे सर्रास वापरतात व त्याला अडचण नाही. दिमडी या लहान चर्मवाद्यावर मात्र पूर्वी घोरपडीचे कातडे मढवीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार घोरपड संरक्षित असल्याने असे कातडे विकणे आणि विकत घेणे दोन्ही गुन्हा आहे, आणि आता दिमडीला शेळीचे कातडे किंवा कृत्रिम पान लावतात.